खानदेशांतील दोन प्रहर : शहरांच्या उष्म्याचा इतिहास व त्याचीं साधनें

इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत जळगांवच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं एक आदेश काढला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वयें निघालेला हा आदेश २५ मे पासून ३ जूनपर्यंतचा होता. सकाळीं १० पासून सायंकाळीं ५ पर्यंत मजुरांकडून उघड्या उन्हांत काम करून घेऊं नये. खाजगी शिकवणीवर्ग त्या वेळांत चालवावयाचे तर पंखे, कूलर इत्यादि सोय असावी, असा त्याचा मतलब. अकोल्यासहि त्याच सुमारास हेंच कलम लावण्यांत आलें. हें कलम लोकांस परिचित आहे तें जमावबंदीचें म्हणून. दंगा झाला, मोर्चा निघाला म्हणजे त्याचें नांव ऐकूं येतें. तें सूर्यासाठीं योजलेलें पाहून कित्येकांस मौज वाटली, कित्येकांचा संचारबंदी लागल्याचा गैरसमज झाला. पुढें १ जुलै २०२४ पासून ती संहिताच जाऊन तिच्या जागीं नवी संहिता आली. तेव्हां हा आदेश त्या कायद्याच्या अखेरच्या दिवसांतील कागद ठरतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना कागद जपण्याची संवय आहे त्यांनीं त्याची एक प्रत आपल्या संग्रहांत अवश्य ठेवावी. कां ठेवावी, तें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहीत आहों.

दुष्काळाचा इतिहास लिहावयाचा तर कागदांस तोटा नाहीं. सूट, तहकुबी, तगाई, धारणेचे भाव, परागंदा कुळांच्या याद्या, सर्व कांहीं दप्तरांत सांपडतें. १६३०-३२ च्या दुष्काळांत गुजराथ व खानदेश कसे ओसाड पडले होते, हें पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जातांना पाहून लिहून ठेवलें आहे. उष्म्याचें तसें नाहीं. दुष्काळ एखाद्या वर्षाचा असतो, उन्हाळा दरवर्षींचा. आणि जें दरवर्षीं येतें त्याबद्दल कोणी कोणास पत्र लिहीत नाहीं. सबब उष्म्याचा कागद 'उष्मा' या मथळ्याखालीं शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. तो वेळेंत शोधावा लागतो. कोणत्या प्रहरीं गाडी हांकली, केव्हां दुकान उघडलें, किती वाजतां कारखान्याचा भोंगा झाला, यांत तो लपलेला आहे. या दृष्टीनें पाहिलें असतां खानदेशांतील शहरांचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास आम्हांस मुख्यतः एका गोष्टीचा इतिहास दिसतो : दोन प्रहरीं थांबण्याची मुभा कोणाकडे राहिली व कोणाकडून गेली.

प्रदेशाचें वर्णन वाचकांस ठाऊकच आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्यें तापीचें खोरें. समुद्र दूर आणि उंची थोडी. जळगांव समुद्रसपाटीपासून सुमारें दोनशें मीटर, धुळें अडीचशें. पुणें साडेपांचशेंच्या वर आहे. वैशाखांत जळगांव-भुसावळाकडे दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर जाणें हें नित्याचेंच. ४५ च्या वरचे दिवसहि लोकांनीं पुष्कळ पाहिले आहेत. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणें मैदानी मुलखांत कमाल उष्णमान निदान ४० अंश असून तें नेहमींच्या सरासरीहून ४.५ ते ६.४ अंशांनीं अधिक झालें म्हणजे उष्णतेची लाट. अथवा सरासरी कांहींहि असो, ४५ अंश झालें म्हणजे लाट व ४७ झालें म्हणजे तीव्र लाट. ही व्याख्या खानदेशास थोडी गैरसोयीचीच आहे. जेथें सरासरीच उंच, तेथें माणसें भाजून निघालीं तरी लाट म्हणण्याइतका फरक पडत नाहीं. ४४ अंशांचा दिवस लाटेंत न बसला तरी ओझें वाहणाऱ्या हमालास त्याचें समाधान काय ?

घड्याळापूर्वींच्या व्यवस्थेंत दिवसाचे चार प्रहर. दोन प्रहर म्हणजे मध्यान्ह, आणि खरी झळ तिसऱ्या प्रहराची. गाड्या रात्रीं हांकावयाच्या, कूच पहाटे करावयाचें आणि ऊन चढण्यापूर्वीं पाणी व झाड पाहून मुक्काम करावयाचा, हा जुन्या प्रवासाचा सर्वत्र नियम होता. लग्न गोरजमुहूर्तावर, निजणें धाब्यावर, बाजारांत दुसऱ्यांदां वर्दळ दिवस कलल्यावर. शेतकरी व कारागीर दोघेहि हें पाळीत, कारण न पाळण्यांत कोणाचाच नफा नव्हता. वैशाखांत शेतांत करावयास फारसें नसतें आणि मागावर बसणारा साळी आपल्या मागाचा धनी होता.

या व्यवस्थेचे दोन कागदी पुरावे विशेष लक्षांत घेण्यासारखे आहेत. पहिला पाणपोईचा. धर्मशास्त्रांत प्रपादान म्हणून स्वतंत्र दान सांगितलें असून भविष्योत्तर पुराणांत त्याचा विधि आहे. चैत्रापासून वाटेवर मांडव घालून, थंड पाण्याचे घट ठेवून येणाराजाणारास पाणी पाजावें, हा त्याचा सारांश. जळगांव, धुळें, अमळनेर येथील पेठांतून गुजराथी व मारवाडी व्यापाऱ्यांनीं हें दान चालविलें, आणि व्यापारी जें करितो तें वहींत लिहितो. मालाच्या सौद्यावर थोडा धर्मादाय कापून घेण्याची व त्यांतून पांजरपोळ, पाणपोई इत्यादि चालविण्याची चाल होती. म्हणून धर्मादाय खात्यांत रांजणांची किंमत, पाणी भरणाऱ्याची मजुरी, मांडवाच्या तट्ट्यांचा खर्च हा तारीखवार मिळावा. पाणपोई कोणत्या तिथीस घातली आणि कोणत्या तिथीस उठविली, हें ओळीनें पन्नास वर्षांचें मिळालें तर उन्हाळ्याची लांबी मोजण्याचें तें एक साधन होईल, आणि तेंहि पारा लावण्याच्या पूर्वींचें. संग्राहकांनीं अशा वह्यांतील व्यापाराचीं पानें राखावीं व धर्मादायाचीं सोडावीं, असें करूं नये.

दुसरा पुरावा आखाजीचा. अक्षय्यतृतीयेस खानदेशांत आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतका तिचा थाट असतो. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झोके बांधतात. पितरांच्या नांवें पाण्यानें भरलेली घागर पूजितात. मृतासहि वैशाखांत प्रथम पाणीच हवें, हें या भूमीस साजेसेंच आहे. परंतु आमच्या प्रस्तुत विषयास महत्त्वाची गोष्ट वेगळी. सालदाराचें साल आखाजीस संपतें आणि नवें साल आखाजीस लागतें. वर्षाचा करार ऐन उन्हाळ्यांत, शेत रिकामें असतांना व्हावा, यांत एक हिशेब आहे. सालदारास धान्य, रोकड व कपडालत्ता मिळून वर्षाचें वेतन ठरे. त्यांत उन्हाळ्याचे रिकामे दिवसहि धरलेले असत. त्याचे कष्ट थोडे होते असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कित्येक सालदार कर्जानें बांधलेले असत आणि आखाजी ही त्यांची सुटका नसून नव्या बेडीचा दिवस असे. तथापि दुपारीं निंबाखालीं टेकल्यानें त्याचा त्या दिवसाचा पैसा कापला जात नसे. रोजंदारीच्या मजुरास ही गोष्ट पुढें कधींच लाभली नाहीं.

घरांविषयीं थोडक्यांत लिहितों. मातीच्या जाड भिंती, वर लांकूड, काड्या व पांढऱ्या मातीचे थर घातलेलें सपाट धाबें, ही इकडील घराची रीत. दिवसा भिंत ऊन शोषी, रात्रीं माणसें धाब्यावर जात. जुन्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर (आतां मध्यप्रदेशांत) येथें तर पाण्यासहि जमिनीखालीं नेलें होतें. सतराव्या शतकाच्या आरंभीं, अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकीर्दींत, सातपुड्याच्या पायथ्याचें झिरपें भूमिगत बोगद्यांनीं शहरांत आणण्यांत आलें. ठिकठिकाणीं ठेवलेल्या उभ्या विहिरी म्हणजे कुंड्या, त्यावरून कुंडी भंडारा हें नांव. उताराच्या जोरानें चालणारें हें पाणी उन्हास दिसतच नाहीं. एवढ्या खर्चाची योजना करणाऱ्या राज्यकर्त्यास उन्हाळा हा शहराच्या जमाखर्चांतील बाब आहे हें समजलें होतें, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठिकाण करून पांझरेकांठीं नवी पेठ आंखली. जळगांवचा उदय त्यानंतरचा व कापसाचा. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळांत मँचेस्टरला कापूस मिळेना, इकडे भाव चढले, आणि त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वे तापीच्या खोऱ्यांत आली. पांच-सहा वर्षांत एका खेड्याची पेठ झाली. पाठोपाठ सरकी काढण्याचे जिन व गठ्ठे बांधण्याचे प्रेस आले. आठव्या दशकांत जळगांवास कापडाची गिरणी उभी राहिली, विसाव्या शतकाच्या आरंभीं अमळनेरास प्रताप मिल निघाली. रेल्वे, जिन व गिरणी या तिहींबरोबर घड्याळ आलें, आणि घड्याळास प्रहर कळत नाहीं.

या बदलाचा जो कागद आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो मुंबई सरकारनें १८८४-८५ सालीं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढील जबानीचा. खानदेशांतील जिनांविषयीं तेथें एका व्यवस्थापकानें जी हकीकत सांगितली तिचा आशय असा : घाईचा हंगाम मार्च-एप्रिलचा, त्या दिवसांत जिन व प्रेस रात्रंदिवस चालत, तींच माणसें, पुरुष व बायका, सतत आठ-आठ दिवस कामावर ठेवलीं जात, आणि अगदीं असह्य झालें म्हणजे मुंबईहून दुसरीं आणावीं लागत. एरवीं पहाटे चारपासून रात्रीं दहापर्यंत अठरा तास काम, आणि मजुरी तीन-चार आणे. दार चारास उघडे, म्हणून घरीं गेलेल्या बायका तीनलाच दारापाशीं येऊन बसत.

इतिहासकारांनीं ही जबानी मजुरांच्या कायद्याच्या संदर्भांत अनेकदां उद्धृत केली आहे. परंतु तींतील महिन्यांकडे लक्ष द्यावें, एवढेंच आमचें सांगणें. मार्च-एप्रिल म्हणजे फाल्गुन, चैत्र व वैशाखाचा आरंभ. ज्या दिवसांत खानदेशाचें सारें जीवन दुपारीं थांबण्याच्या रीतीवर उभें होतें, नेमक्या त्याच दिवसांत जिनाचा हंगाम होता. कारण पावसापूर्वीं कापूस मुंबईच्या बंदरांत पोंचला पाहिजे. पत्र्याच्या छपराखालीं, वाफेच्या एंजिनाशेजारीं, रुईच्या धुळींत बसणाऱ्या त्या बायकांना मृत्यू आला तर तो कोणत्या सदरांत लिहिला गेला असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

कायद्याची मदत त्यांस उशिरां पोंचली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानें शंभराहून कमी माणसांचे व वर्षांत चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने मोकळे सोडले होते; हंगामी जिनास याहून सोईचें काय असणार ! हंगामी कारखाने कायद्याखालीं आणण्याचें काम १९११ सालीं झालें. १८९१ च्या कायद्यांत मात्र एक कलम मोठें मननीय आहे : दुपारीं बारा ते दोन यांच्या दरम्यान कारखाना अर्धा तास बंद ठेवावा. सरकारी कागदांत 'दोन प्रहर' उतरल्याचा हा आमच्या मतें महत्त्वाचा दाखला होय. पण किती तोकडा ! १९०६ पासून जी प्रमाणवेळ चालली तींत जळगांवचा सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून सुमारें पंचवीस मिनिटांनीं. आणि पारा शिगेस पोंचतो तो अडीच-तीनच्या पुढें. म्हणजे बारा ते दोनमधील अर्धा तास संपून भोंगा होई तेव्हां खरें ऊन अद्याप यावयाचेंच असे. जेवणाची सुटी म्हणून ती योग्य होती. उन्हापासून आश्रय म्हणून ती लंडनच्या घड्याळाचा विचार होता, तिसऱ्या प्रहराचा नव्हे.

कापडाच्या गिरण्यांत आणखी एक प्रकार. सूत कांतावयास हवा ओली लागते. खानदेशाच्या कोरड्या झळीनें धागा तुटतो. म्हणून खात्यांत वाफ अथवा पाण्याचा तुषार सोडीत. बाहेर कोरडें ऊन, आंत दमट ऊन. आणि दमट हवेंत घाम वाळत नसल्यामुळें शरीर निवत नाहीं, हें आतां वैद्यकानें सिद्ध केलें आहे. धाग्याची सोय ती माणसाची गैरसोय झाली. १९३४ च्या कायद्यांत कृत्रिम ओलाव्यावर व खात्यांतील उष्णतेवर नियम करण्याची तजवीज आली. १९४८ च्या कायद्यानें ती कायम ठेवून आठवड्याचे तास ४८ केले. गिरण्यांपुरती सुधारणा झाली खरी. तथापि या कायद्यांचें क्षेत्र कारखान्याच्या भिंतींत होतें; गाडीवान, हमाल, बेलदार, पाणक्या हे सर्व बाहेर राहिले.

आतां मृत्यूच्या नोंदींविषयीं. उन्हानें मेलेला मनुष्य नोंदवहींत तापानें, हृदयविकारानें किंवा म्हातारपणानें मेलेला असतो. तेव्हां कारणाच्या रकान्यावर विसंबूं नये; महिन्याची बेरीज घ्यावी. अहमदाबादेचें उदाहरण शिकण्यासारखें आहे. मे २०१० मध्यें त्या शहरांत ४,४६२ मृत्यू झाले. आगल्या व मागल्या वर्षांच्या मे महिन्यांशीं ताडून पाहतां ते १,३४४ नीं अधिक भरले. या एका वजाबाकीमुळें २०१३ सालीं तेथें उष्मानिवारणाची योजना झाली व तिचें अनुकरण इतर शहरांनीं केलें. हीच रीत जळगांव, धुळें, भुसावळ, अमळनेर येथील नगरपालिकांच्या जुन्या नोंदवह्यांस लावतां येईल. मात्र सावधगिरी हवी. विहिरी आटल्या म्हणजे पटकी येई आणि तिचे मृत्यूहि याच महिन्यांत पडत. ते वेगळे काढले पाहिजेत. उलट १८९६ नंतरच्या वर्षांत कडक उन्हाळ्यानें प्लेग ओसरत असे, त्यामुळें वैशाखाची बेरीज हिंवाळ्याशीं ताडली तर उन्हाळा उपकारकच वाटेल. मे महिना मे महिन्याशींच ताडावा.

येथपर्यंत आल्यावर २०२४ च्या आदेशाचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. दोन प्रहरीं थांबण्याची जी रीत दीडशें वर्षांपूर्वीं सर्वांची होती, ती दहा दिवसांपुरती सरकारी सहीनें परत मिळाली. अधिकाऱ्याचा हेतु स्तुत्य होता यांत शंका नाहीं. परंतु त्या सात तासांची मजुरी कोणी द्यावयाची ? सालदाराच्या करारांत या प्रश्नाचें उत्तर होतें, वाईट असेल पण होतें. बांधकामावरील रोजंदाराचें काम १० ला थांबलें तर त्याचा रोज थांबला. आणि उपाशी राहण्यापेक्षां ऊन बरें, असें तो म्हणाला तर त्यास मूर्ख म्हणतां येणार नाहीं. दुसरें असें कीं आदेशाचा रोख उघड्या उन्हावर. जळगांवच्या आजच्या धंद्यांत डाळीच्या गिरण्या आहेत, प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत. तेथील माणसें पत्र्याखालीं आहेत, उघड्यावर नाहींत. धाबें जाऊन पत्रा व सिमेंटचा स्लॅब आला, तेव्हांपासून सावली आणि गारवा हे दोन निराळे शब्द झाले आहेत. जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०१९ सालीं असा अंदाज केला कीं हिंदुस्थानांत १९९५ सालींच उष्म्यापायीं कामाचे ४.३ टक्के तास वायां जात होते व २०३० पर्यंत हें प्रमाण ५.८ टक्क्यांवर जाईल. हे तास कोणाच्या पदरीं बुडाले हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं. तें दाखविणारे कागद स्थानिक आहेत, आणि ते आपल्या भोंवतींच आहेत.

किंबहुना होते, असें म्हणावें लागतें. बंद पडलेल्या एका जुन्या कारखान्याच्या हजेरीबुकांची आम्हीं चौकशी केली. हंगामांत दुपारपाळीस किती माणसें गैरहजर राहत, हें त्यांतून सहज निघालें असतें. तीं सर्व रद्दींत वजनानें गेलीं असें कळलें. पुठ्ठ्यास निराळा भाव असल्यामुळें वह्यांचे पुठ्ठे आधीं उसकले होते. मोडींतील चार ओळींच्या सनदेसाठीं आपण दहा कोस जातों. ज्या वहींत हजार माणसांच्या वैशाखाचा हिशेब आहे ती कोणास संग्राह्य वाटत नाहीं. आमच्या शास्त्रांतील हा एक जुना दोष आहे आणि त्यांतून आम्ही स्वतःस वगळीत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी. जिन, प्रेस व गिरण्यांचीं हजेरीबुकें, पेढ्यांचीं धर्मादाय खातीं, आखाजीच्या मितीच्या सालदारीच्या चिठ्या, नगरपालिकांच्या मृत्यूच्या व पाणीपुरवठ्याच्या वह्या, बर्फाच्या कारखान्यांचीं व कुंभारांच्या उधारीचीं टिपणें, असें कांहीं हातीं लागल्यास तें रद्दी समजूं नये. मूळ कागद देणें शक्य नसेल तर मिती, ठिकाण व मालकाचा धंदा लिहून नक्कल किंवा छायाचित्र मंडळाकडे पाठवावें. पोंच देऊन तें नोंदून घेऊं. कागद उघडतांना एक जपावें. खानदेशाच्या कोरड्या हवेनें कसर व बुरशी कोंकणाच्या मानानें कमी लागते, पण जुना कागद वैशाखांत इतका कडकडीत होतो कीं घडी उलगडतांच तेथून तुटतो. अशीं दप्तरें दुपारीं सोडूं नयेत. पहाटे सोडावीं, अथवा पहिला पाऊस पडून जाईपर्यंत थांबावें.